ओट्यामागच्या भिंतीला काय लावायचं? डॅडोचं साहित्य निवडताना

स्वयंपाकघराचं काम काढलं की सगळा जीव ओट्याच्या ग्रॅनाइटवर आणि ट्रॉल्यांच्या रंगावर खर्च होतो. ओट्यामागची भिंत, म्हणजे दुकानात आणि मिस्त्रीच्या तोंडी जिला डॅडो म्हणतात ती, शेवटी उरते. तोवर बजेट आटत आलेलं असतं, मिस्त्री "वहिनी, टाइल्स आजच आणून टाका, उद्या माणसं बसून राहतील" म्हणून घाई करत असतो, आणि दुकानात अर्ध्या तासात डोळ्यांना बरं दिसेल ते उचललं जातं. मग पुढची पंधरा-वीस वर्षं ती भिंत रोज पुसायची असते.

म्हणून हा लेख घाईत नसताना वाचायचा आहे, शक्यतो ओट्याचा दगड ठरवण्याच्याही आधी. माझं म्हणणं एवढंच आहे की साहित्याच्या आधी जागा बघा, आणि टाइलच्या आधी सांध्याचा विचार करा. डॅडो खराब होतो तो बहुतेक वेळा टाइलमुळे नाही, दोन टाइल्सच्या मधल्या फटीमुळे.

एक भिंत, तीन जागा

ओट्यामागची भिंत एकसलग दिसली तरी तिच्यावर तीन वेगवेगळे मारे होतात.

पहिली जागा शेगडीमागची. शेगडीच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट आणि वर चिमणीपर्यंत, एवढा तुकडा धरा. आपल्या स्वयंपाकात या तुकड्याचे जेवढे हाल होतात तेवढे परदेशी कॅटलॉगमधल्या स्वयंपाकघरांत होत नाहीत, आणि आपण फोटो मात्र तिथलेच बघतो. फोडणी कशी होते ते आठवा. तेल कडकडीत तापतं, मोहरी तडतडते, हिंग-हळद पडते, आणि त्यावर धुतलेली ओली भाजी पडली की पाण्याची क्षणात वाफ होऊन ती तेलाचे बारीक थेंब घेऊन चहूकडे उडते. ते थेंब भिंतीवर बसतात. त्याच दिवशी पुसले तर कोमट पाण्यात निघून जातात. राहिले तर शेगडीच्या रोजच्या उष्णतेने आणि हवेने तेल घट्ट होत जातं आणि आठ-पंधरा दिवसांत त्याचा पिवळसर, बोटाला धरणारा चिकटा होतो. त्याला साधा साबण पुरत नाही, घासावंच लागतं. आणि घासायचं म्हटलं की भिंत घासणी सहन करणारी हवी.

त्यात हळद. हळदीचा रंग ज्यातून येतो ते कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात मात्र छान विरघळतं. म्हणजे फोडणीचा प्रत्येक थेंब हा तयार पिवळा रंगच असतो. सच्छिद्र पृष्ठभाग मिळाला की तो आत शिरतो. साबणाचं पाणी लागलं की हाच डाग लालसर होतो, कारण कर्क्युमिनचा रंग क्षाराने बदलतो. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू बनतं, तीच गोष्ट. डाग लाल झाला म्हणून घाबरून ॲसिड ओतू नका. उन्हात हळदीचा रंग उडतो, पण ओट्यामागच्या भिंतीवर ऊन कुठून आणायचं?

दुसरी जागा सिंकमागची. इथे तेल कमी, पाणी जास्त. नगरपालिकेचं गोडं पाणी असेल तर फार काही होत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर प्रत्येक शिंतोडा वाळून पांढरा ठिपका मागे ठेवतो, आणि महिनाभरात नळामागे क्षारांची पांढरी झाक चढते. काळी, गडद निळी, चकचकीत भिंत इथे लावू नका. हलका राखाडी, बदामी, मोतिया असे रंग क्षार पोटात घालतात.

तिसरी जागा म्हणजे उरलेली भिंत, जिथे मिक्सर, डबे, पाण्याचा फिल्टर असतो. इथे हौस करायला पूर्ण मोकळीक आहे. हाताने बनवलेल्या टाइल्स, नक्षी, वेगळा रंग, सगळं इथे. हौसेची गोष्ट बरोबर शेगडीमागे मध्यभागी लावायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. फळं, कपबशा छापलेली हायलायटर टाइल आधी तेलाने झाकोळते आणि तिच्या शेजारच्या साध्या टाइल्सपेक्षा लवकर जुनी वाटायला लागते.

मापं घ्या, आणि मिलिमीटरमध्ये घ्या

माप ओट्याचा दगड बसल्यावर घ्या, आधी नाही. दगडाची जाडी १८-२० मि.मी. असते आणि खालचा थर मिस्त्रीगणिक बदलतो, त्यामुळे कागदावरची उंची प्रत्यक्षात तशी येत नाही. वर कपाटं येणार असतील तर ओटा आणि कपाट यांच्यात साधारण दोन फूट भिंत दिसते. कपाटं नसतील तर दोन फुटांवर थांबू नका. शेगडीमागे तरी चिमणीच्या वरपर्यंत जा, कारण तेलाची वाफ दोन फुटांवर थांबत नाही आणि वरचा रंगवलेला पट्टा वर्षभरात तपकिरी पडतो.

आता एक खरा हिशेब करू. इंग्रजी एल आकाराचा ओटा आहे, एका बाजूची भिंत ८ फूट, दुसरीची ६ फूट, उंची २ फूट. क्षेत्रफळ २८ चौरस फूट. तूटफूट १० टक्के धरली तर ३१. दुकानदार १२ बाय १८ इंची टाइलचा सहा नगांचा बॉक्स ९ चौरस फूट धरतो, म्हणजे चार बॉक्स, ३६ फूट. भरपूर झालं असं वाटतं.

पण ती टाइल खरं तर ३०० बाय ४५० मि.मी. असते, १८ इंचांपेक्षा थोडी कमी. ६ फुटांची भिंत १८२९ मि.मी. आहे. आडव्या चार टाइल्स आणि मधले दोन-दोन मिलिमीटरचे सांधे धरून १८०६ भरतात. उरली २३ मि.मी.ची चिंचोळी पट्टी. ती कापताना तुटते, बसली तरी कायम डोळ्यांत खुपते. चांगला मिस्त्री अशा वेळी मध्यभागापासून सुरुवात करतो. मधे तीन अख्ख्या आणि दोन्ही कडांना साधारण २३५ मि.मी.चे सारखे तुकडे. दिसायला उत्तम, पण २३५ हे टाइलच्या निम्म्याहून जास्त असल्यामुळे एका टाइलमधून दोन तुकडे निघत नाहीत. म्हणजे या भिंतीला एका ओळीत पाच टाइल्स लागल्या. ८ फुटांच्या भिंतीला याच पद्धतीने सहा. दोन ओळींच्या मिळून २२. चार बॉक्समध्ये २४ नग असतात, म्हणजे स्विचच्या खाचा कापताना फुटण्यासाठी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी हातात फक्त दोन उरल्या. पाच बॉक्स घ्या.

हाच हिशेब ६०० बाय १२०० मि.मी.च्या मोठ्या टाइलचा करून बघा. आडवी लावली की एकाच ओळीत दोन फूट उंची भरते, आडवा सांधाच उरत नाही. शेगडी ८ फुटांच्या भिंतीच्या मध्यावर असेल तर अख्खी टाइल बरोबर तिच्यामागे ठेवता येते, दोन्ही बाजूंना ६१७ मि.मी.चे तुकडे. शेगडीमागे चार फुटांत एकही सांधा नाही! पूर्ण ओट्याला पाच टाइल्स पुरतात, एक जास्तीची धरून सहा. या एका कारणासाठी मी बहुतेक घरांना हाच आकार सुचवते.

बॉक्स घेताना प्रत्येकावरचा बॅच आणि शेड क्रमांक जुळवून बघा. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक असू शकतो, आणि तो ओट्यावरच्या दिव्याखाली उघडा पडतो.

सिरॅमिक टाइल

सर्वांत जास्त खपणारी, आणि विनाकारण कमी लेखली जाणारी. भिंतीच्या सिरॅमिक टाइलचं अंग सच्छिद्र असतं, वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकतं. पण समोरच्या बाजूला काचेसारखा ग्लेझचा थर असतो आणि तो काहीच पीत नाही. हळद, तेल, आमसूल, लिंबू, कशालाही तो दाद देत नाही. अंग मऊ असल्यामुळे कापायला, भोक पाडायला सोपी, वजनाने हलकी, भिंतीला लगेच धरते. गुजरातमधल्या मोरबीहून महाराष्ट्रभर माल येत असल्याने तालुक्याच्या गावीसुद्धा भरपूर नमुने मिळतात.

कमजोरी दोन ठिकाणी. एक म्हणजे कापलेली कड. तिथे ग्लेझ नसतं आणि आतलं लालसर किंवा पांढरं अंग उघडं पडतं. कड उघडी राहणार असेल तिथे ती झाकणारी प्रोफाइल पट्टी लावून घ्या. दुसरी म्हणजे ग्लेझवर येणाऱ्या केसासारख्या बारीक चिरा. हलक्या प्रतीच्या टाइलवर त्या काही वर्षांनी येतात आणि हळद त्या चिरांची रेघन् रेघ रंगवून दाखवते.

चकचकीत की मॅट? शेगडीमागे चकचकीत किंवा साटिन, म्हणजे अर्धवट चमकीची, घ्या. पूर्ण मॅट, खरखरीत, दगडासारखी उठावाची टाइल फोटोत सुंदर दिसते, पण तिच्या खाचांत चिकटा बसला की कापडाचे धागे अडकतात, डाग निघत नाही. तो उठाव तिसऱ्या जागेसाठी ठेवा. एक अडचण मात्र लक्षात घ्या. वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावणार असाल तर चकचकीत टाइलमध्ये प्रत्येक दिव्याचा ठिपका वेगळा दिसतो. पट्टीला दुधी झाकण असलेलं चॅनल घ्या किंवा साटिनवर या.

व्हिट्रिफाइड

ही टाइल अधिक तापमानाला भाजलेली, घट्ट अंगाची असते. पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी पिते. दुकानात जीव्हीटी म्हणतात ती ग्लेझची, पीजीव्हीटी म्हणजे त्यावर पॉलिश केलेली. दोन्ही डॅडोला चालतात. न ग्लेझ केलेली, नुसती घासून चकचकीत केलेली जुन्या प्रकारची टाइल मात्र टाळा. घासल्यामुळे तिची बारीक छिद्रं उघडी पडतात आणि हळद तिथे मुक्काम करते.

व्हिट्रिफाइडचा गुण तोच तिचा त्रास. पाणी पीत नाही म्हणून सिमेंटला धरत नाही. "आम्ही वर्षानुवर्षं सिमेंटवरच लावतो" असं मिस्त्री म्हणेल, आणि सिरॅमिकबाबत ते खरंही आहे. व्हिट्रिफाइडला टाइल ॲडहेसिव्हच, म्हणजे पोत्यात मिळणारा टाइल चिकटवायचा तयार मसालाच, लागतो. ६०० बाय १२०० ची एक टाइल १४-१५ किलोची असते. ती शेगडीवर सुटून पडावी असं कुणालाच वाटणार नाही, म्हणून इथे पोत्यामागचे पैसे वाचवू नका.

काच

लॅकर्ड काच, म्हणजे मागून रंग दिलेली काच, हा सांध्यांच्या प्रश्नावरचा सर्वांत सरळ उपाय आहे. अख्ख्या भिंतीला एक किंवा दोन पत्रे, सांधा जवळपास नाहीच. चिकटा सुरीच्या बोथट कडेने खरवडला तरी काच शाबूत. पण अटी आहेत.

शेगडीमागची काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, असलीच पाहिजे. साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, आणि फुटली तरी सुऱ्यांसारखे तुकडे न होता चुरा होतो. साधी लॅकर्ड काच शेगडीच्या उष्णतेने मधे तापते, कडा थंड राहतात, आणि ताणाने तडकते. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. स्विच, नळ, गॅसच्या पाइपची जागा, सगळं आधी ठरवून कारखान्यात कापून मग ती भाजून घ्यावी लागते. म्हणजे माप ओटा, कपाटं, विजेचे पॉइंट सगळं झाल्यावरच घेता येतं, आणि काच येईपर्यंत भिंत उघडी राहते. भिंत ओळंब्यात आणि सपाट हवी, नाहीतर काच एका कोपऱ्यावर टेकते आणि तिथून जाते. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन मागचा रंग खातं आणि वर्षभराने समोरून डाग दिसतात.

गडद रंगाची काच रोज पुसणाऱ्यांनीच घ्यावी. पांढरी घेणार असाल तर एक्स्ट्रा क्लिअर मागा, साध्या काचेतून पांढरा रंग हिरवट दिसतो.

दगड: इथे लिंबू खिशात ठेवा

ओट्याचाच ग्रॅनाइट भिंतीवर चढवायची पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे. ग्रॅनाइटला आंबट पदार्थ बाधत नाहीत, तो उष्णता सोसतो, सांधे कमी येतात. फक्त तो जड असतो, काळा घेतला तर खोली अंधारी होते, आणि फिकट रंगाचे ग्रॅनाइट तेल पितात. त्यांना दगडात मुरणारं सीलर दर एक-दोन वर्षांनी द्यावं लागतं. पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा. ओली सावली राहिली तर दगड पितोय असं समजा.

संगमरवर, कडप्पा, कोटा, शहाबाद यांचं तसं नाही. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. लिंबू, चिंच, कोकम, दही, टोमॅटो यांतल्या आम्लाने त्यांचा वरचा थर विरघळतो आणि चकाकी गेलेला फिकट ठिपका उरतो. तो डाग नसतो, झीज असते, त्यामुळे पुसून जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. आमसुलाची आमटी, सोलकढी, चिंचगुळाचं वरण ज्या घरात रोजचं आहे तिथे शेगडीमागे पांढरा संगमरवर लावू नका. फारच आवडत असेल तर संगमरवरी नक्षीची व्हिट्रिफाइड घ्या, आज ती इतकी चांगली येते की दोन फुटांवरून फरक कळत नाही. दुकानात "मॅडम, हा ग्रॅनाइटच आहे" म्हणून काळा दगड दाखवला तर तुकडा मागून घेऊन त्यावर लिंबाचा रस रात्रभर ठेवा. ठिपका उमटला तर तो ग्रॅनाइट नाही, किंवा रंग चढवलेला आहे.

क्वार्ट्झचे पत्रे दिसायला एकसारखे आणि डाग न धरणारे, पण त्यांत क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये बांधलेला असतो. ते रेझिन १५० अंशांच्या आसपास त्रास द्यायला लागतं, पिवळं पडतं. ओट्याला ठीक, गॅसच्या ज्योतीमागे नको. आणि ते कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुफ्फुसांना इतकी घातक ठरली की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असे पत्रे बनवण्या-बसवण्यावर बंदी घातली. ग्रॅनाइट आणि टाइल कापतानाही धूळ उडतेच. तुमच्या घरी कोणताही दगड कापला जात असेल तर पाणी सोडूनच कापायला सांगा आणि कापणाऱ्याला नीट बसणारा मास्क द्या.

स्टील आणि बाकीचे

स्टीलचा पत्रा खानावळीत असतो तो उगाच नाही. आग, तेल, घासणी, सगळं सोसतो. घरात शेगडीमागे तेवढाच अडीच-तीन फुटांचा पत्रा लावणं हा माझ्या मते फार कमी वापरला जाणारा चांगला पर्याय आहे. चकचकीत नको, ब्रश फिनिश घ्या, ओरखडे कमी दिसतात. ग्रेड ३०४ मागा, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दुकानदार चुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४" असं दाखवतो. त्यावर विसंबू नका, स्वस्तातल्या २०२ ला सुद्धा चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. रत्नागिरी, मालवण, अलिबागकडे, समुद्राची खारी हवा थेट खिडकीतून येत असेल तर ३०४ वरही तांबूस ठिपके येतात. तिथे ३१६ घ्या, नाहीतर टाइलच बरी. पत्रा ढबढब वाजू नये म्हणून मागे सिमेंट बोर्ड घालून पूर्ण चिकटवायचा.

बारीक मोझॅक टाळा, जाळीवर चिकटवलेल्या एक-एक इंचाच्या टाइल्स म्हणजे सांध्यांचंच शेत. पीव्हीसीचे पॅनल उष्णतेने मऊ पडतात आणि वाकतात. एसीपीच्या, म्हणजे दोन बाजूंना ॲल्युमिनियम असलेल्या पत्र्याच्या आत बहुतेक वेळा प्लास्टिकचा गाभा असतो, तोही ज्योतीजवळ नको. ऑइल पेंट कपाटांच्या वरच्या भागाला चालतो. भाड्याच्या घरात ॲल्युमिनियम फॉइलचे स्टिकर लोक लावतात, त्यांच्या कडा उष्णतेने सुटतात आणि आत झुरळं जातात. त्यापेक्षा स्टीलचा पत्रा मापाने कापून, कडा दुमडून, शेगडीमागे नुसता उभा टेकवून ठेवा. घर सोडताना बरोबर नेता येतो.

घरी आणून चाचणी

दुकानातल्या दिव्यांखाली काहीही विकत घेऊ नका. आवडलेल्या दोन-तीन नमुन्यांची एकेक टाइल घरी आणा, बहुतेक दुकानदार देतात. चमचाभर तेल गरम करून त्यात हळद-तिखट घाला आणि टाइलवर ओता. शेजारी कोकमाचं आगळ किंवा लिंबू, आणि एक थेंब काळ्या चहाचा. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी भांडी घासायच्या साबणाने, तुमच्या नेहमीच्या घासणीने धुवा. मग तिरपी धरून उजेडात बघा. पिवळी सावली, चकाकी गेलेला भाग, घासणीचे ओरखडे, यांतलं काही दिसलं तर ती टाइल शेगडीमागे नाही. तीच टाइल ओट्यावर भिंतीला टेकवून संध्याकाळी दिवे लावून बघा. दुकानात मोतिया वाटलेली टाइल घरच्या पिवळ्या दिव्यात कधीकधी आजारी दिसते.

सांधा

बरेच मिस्त्री टाइलला टाइल चिकटवून, मधे फट न ठेवता लावतात आणि वरून पांढरं सिमेंट पुसतात. पहिल्या दिवशी छान दिसतं. पण केसाएवढ्या फटीत पांढरं सिमेंट धरायला जागाच नसते. ते भुगा होऊन पडतं, आणि त्या रेघेत तेल, हळद, कणकेचं पाणी शिरतं. दोन-तीन महिन्यांत पांढऱ्या भिंतीवर शेगडीमागे पिवळ्या-तपकिरी चौकटी उमटतात. टाइल नवीन असते, भिंत मात्र जुनी दिसते.

टाइल्सच्या मधे स्पेसर, म्हणजे प्लास्टिकचे छोटे तुकडे, घालून २ मि.मी. फट ठेवायला सांगा. सांध्यात भरायच्या मसाल्याला ग्राउट म्हणतात. शेगडी आणि सिंकमागे इपॉक्सी ग्राउट भरा. ते पाणी-तेल पीत नाही, हळद त्यावरून पुसून निघते. उरलेल्या भिंतीला साधं पॉलिमर मिसळलेलं सिमेंट ग्राउट पुरतं. इपॉक्सीचे भाग मिसळल्यावर ते लवकर घट्ट होतं, उन्हाळ्यात तर फारच लवकर. थोडं थोडं कालवायचं, भरलं की लगेच ओल्या स्पंजने टाइल पुसायची. टाइलवर राहिलेली झाक दुसऱ्या दिवशी निघत नाही. इपॉक्सी न लावलेल्या मिस्त्रीला आधी एका कोपऱ्यात करून दाखवायला सांगा. रंग शुभ्र घेऊ नका. हलका राखाडी किंवा टाइलहून एक छटा गडद बरा.

ओटा आणि भिंत मिळतात त्या आडव्या रेघेत ग्राउट नको, सिलिकॉन हवं. ओटा वजनाने आणि उष्णतेने किंचित हलतो, ग्राउट तिथे चिरतंच. मग त्या चिरेतून पाणी मागे उतरतं, ट्रॉल्यांच्या प्लायवूडला बुरशी येते, आणि मोहरी-जिऱ्याचे दाणे अडकतात ते वेगळंच. बुरशीरोधक सिलिकॉन घ्या, काही वर्षांनी काढून नवं भरता येतं.

मिस्त्रीशी आधीच ठरवायच्या गोष्टी

विजेचे पॉइंट आणि पाण्याच्या आतल्या लाइन पूर्ण झाल्या पाहिजेत, आणि लाइनला दाब देऊन गळती तपासलेली पाहिजे. टाइल लागल्यावर गळती सापडली तर सगळं उखडावं लागतं. पाइप गॅसची नळी टाइलखाली गाडू देऊ नका, ती डोळ्यांसमोरच हवी.

नवा गिलावा असेल तर त्याला सुकायला चार आठवडे द्या. जुना रंग असेल तर खरवडून, छिन्नीने टोचे मारून भिंत खडबडीत करा. जुन्या टाइलवर नवी लावायची असेल तर आधी प्रत्येक जुनी टाइल ठोकून बघा. पोकळ वाजली ती काढा.

ॲडहेसिव्हच्या पोत्यावर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्याचा टाइप छापलेला असतो. सिरॅमिकला टाइप १ चालतो, व्हिट्रिफाइडला किमान टाइप २. मोठी टाइल, किंवा टाइलवर टाइल, असेल तर त्याच्या वरचा, आणि तो कशाला चालतो हे पोत्यावर वाचूनच घ्या. ॲडहेसिव्हवर लावायच्या टाइल पाण्यात भिजवायच्या नाहीत. सिमेंटवर लावायच्या सिरॅमिक मात्र भिजवायच्या. इथे बऱ्याच ठिकाणी गल्लत होते.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टाइलमागे मसाल्याचे चार-पाच गोळे ठेवून ती दाबायची पद्धत चालू देऊ नका. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते. तिथे खिळा मारला की टाइल फुटते, ओल साठते, आणि शेगडीच्या उबेला झुरळांची वस्ती होते. दातेरी थापीने पूर्ण भिंतीवर मसाला ओढायचा आणि टाइल दाबायची. काम चालू असताना एक टाइल लगेच काढून मागची बाजू बघा. मसाला सगळीकडे लागलेला दिसला पाहिजे. दुसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांनी प्रत्येक टाइल वाजवा, आणि पोकळ वाजेल ती ग्राउट भरण्याआधीच बदलून घ्या. ग्राउट किमान २४ तासांनी.

कुणी काय घ्यावं

चिमणी नसेल, रोज दोन्ही वेळा पूर्ण स्वयंपाक होत असेल, तर ६०० बाय १२०० ची चकचकीत व्हिट्रिफाइड आणि इपॉक्सी. बजेट कमी असेल तर ३०० बाय ४५० किंवा ३०० बाय ६०० ची साधी सिरॅमिक घ्या, पण शेगडीमागचं इपॉक्सी सोडू नका. महागडी टाइल आणि पांढरं सिमेंट यापेक्षा साधी टाइल आणि चांगला सांधा कितीतरी बरा. आई-वडील वयाने थकलेले असतील, घासायला हात पुरत नसतील, तर काच किंवा स्टील, कारण फडकं एकदा फिरवलं की झालं. बोअरच्या पाण्याला फिकट, बारीक रेघांची टाइल.

काम संपल्यावर ॲसिडने भिंत "साफ करून देतो" म्हणणाऱ्याला थांबवा. ॲसिड सिमेंटचा सांधा आणि दगड खातं, स्टीलवर डाग पाडतं. रोज स्वयंपाक उरकला की भिंत कोमट असतानाच साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. चिकटा जमलाच तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट दहा मिनिटं लावून ठेवा, मग मऊ घासणी.

उरलेल्या टाइल्स फेकू किंवा कुणाला देऊ नका. लहान आकाराच्या किमान चार, मोठ्या आकाराची निदान एक टाइल आणि बॅच-शेड क्रमांकाचं बॉक्सवरचं लेबल एकत्र बांधून माळ्यावर ठेवा. सोबत भिंतीचे टाइल्स लावण्याआधीचे फोटो, शेजारी माप दिसेल असे, मोबाइलमध्ये नाव देऊन ठेवा. दोन वर्षांनी फिल्टर टांगायला किंवा मसाल्याची फळी ठोकायला भोक पाडायची वेळ येईल, तेव्हा वायर आणि पाण्याची नळी नेमकी कुठून गेली आहे हे त्या फोटोंवरूनच कळतं.